किचनची शटर्स रंगवताय? या चुका टाळा

प्लाय शाबूत आहे, वाळवी नाही, बिजागऱ्या घट्ट आहेत, तरी केवळ जुनं दिसतं म्हणून किचन फोडणं मला पटत नाही. पण रंगवायचं तर नीट रंगवा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओशटपणा न काढता रंग देणं. माझ्या धाकट्या जावेनं हौसेनं सगळी शटर्स रंगवली. तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. गॅसच्या वरच्या शटरचा रंग नखानं ओढला, तर दुधावरच्या सायीसारखा सोलून आला होता. खाली तसाच पिवळा चिकटा. "ओल्या फडक्यानं पुसलं होतं हो ताई," ती म्हणाली. पंधरा वर्षांच्या फोडण्यांचं तेल ओल्या फडक्यानं कसं निघेल? दोन रविवार आम्ही दोघी पत्र्यानं रंग खरवडत बसलो. रंगवायला तिला दीड दिवस लागला होता.

सनमायका किंवा जुना ऑइल पेंट असेल तर मी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालते, हातमोजे चढवते आणि घासणीनं घासते. हॅंडलभोवती आणि चिमणीलगत दोनदा. मग साध्या पाण्यानं दोन वेळा पुसून रात्रभर वाळू देते. सकाळी मास्किंग टेपचा तुकडा दाबून लावते. टेप धड चिकटला नाही, तर पुन्हा घासायचं. एवढं झाल्यावर १८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून चकाकी घालवायची. सनमायकावर साधा वुड प्रायमर धरत नाही. गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा प्रायमर दुकानात मागून घ्या.

जुना ऑइल पेंट घासायचा असेल तर पेपर ओला करून घासा. घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा भारतात २०१७ साली लागू झाली. त्याआधीच्या रंगाची कोरडी धूळ स्वयंपाकघरात उडू देऊ नका, लहान मूल घरात असेल तर मुळीच नाही.

दुसरी चूक घाईची. गणपती आठ दिवसांवर आले की लोकांना किचन रंगवायचं सुचतं, बाहेर धो धो पाऊस! ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, आणि दमट हवेत ते काम रेंगाळतं. संध्याकाळी बोटाला लागत नाही म्हणून लोक दुसऱ्याच दिवशी शटर्स बसवतात. आत रंग मऊच असतो. शटर चौकटीला चिकटतं, उघडताना कडेचा रंग उपटून येतो. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता गणपतीआधी कोणी विचारलं तर सरळ नाही म्हणते. दसरा होऊ द्या. तेव्हाही रंगाच्या दोन हातांमध्ये मी पूर्ण दिवस सोडते आणि शेवटच्या हातानंतर आठवडाभर शटर बसवत नाही. तोवर डबे उघडे दिसले तर दिसू देत. लवकर वाळावं म्हणून शटर कडक उन्हात ठेवू नका, वरचा थर आधी आक्रसतो आणि सुरकुत्या पडतात.

हॅंडल आणि बिजागऱ्या काढा. टेप लावून भागवलेलं काम लांबूनही कळतं. काढलेल्या प्रत्येक शटरच्या मागे बिजागरीच्या खाचेत नंबर लिहा.

ऑइल पेंट पातळ करायला टर्पेंटाइन घाला, लॅकरसाठीचा एनसी थिनर नको. आणि ते काम चालू असताना गॅस पेटवू नका.

कपाटाच्या आतून पांढरा ऑइल पेंट देऊ नका. बंद अंधारात तो पिवळा पडतो.

सिंकखालचं शटर पाण्यानं फुगलं असेल तर लांबी (पुट्टी) भरून ते सरळ होत नाही. तेवढं एक सुताराकडून नवीन करून घ्या आणि बाकीच्यांबरोबर रंगवा.