स्किल मूव्ह नंतर, आधी स्विच करायला शिका

बडोद्यात फतेगंज, सयाजीगंजकडच्या कुठल्याही गेमिंग झोनमध्ये जा, एफसी (ईए कंपनीचा फुटबॉल व्हिडिओ गेम, आधीचं नाव फिफा) लावून बसलेली पोरं स्किल मूव्हसाठी, म्हणजे समोरच्याला चकवायच्या ट्रिकसाठी, कंट्रोलरची राइट स्टिक गरागरा फिरवताना दिसतील, आणि हरली की कारणं दोनच, समोरच्याची टीम भारी होती नाहीतर गेमनेच हरवलं. टीमचा फरक पडतो, नाही कोण म्हणतंय, डिफेंडर फास्ट असला की आपलं चुकलेलं तो सावरून घेतो. पण एकदा दोघांनीही मँचेस्टर सिटीच घेऊन चार-पाच मॅच खेळून बघा, बहुतेक वेळा जो आधी जिंकत होता तोच पुन्हा जिंकतो, कारण खरा फरक पडतो तो बॉल आपल्याकडे नसतो तेव्हा.

फिफा १२ मध्ये, म्हणजे २०११ साली, टॅक्टिकल डिफेंडिंग, म्हणजे बचाव करायची नवी पद्धत, आलं. त्याआधी बटण दाबून धरलं की प्लेअर आपला आपण बॉलमागे जाऊन हिसकावून आणायचा, आता टॅकल कधी मारायचा ते तुम्ही ठरवायचं. तरी पोरं अजून जुन्याच सवयीने स्प्रिंट दाबून सेंटर बॅकला, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या डिफेंडरला, पुढे पळवतात, मागे ही मोठी जागा रिकामी, त्या जागेत एक थ्रू बॉल की गोल. तर पहिला नियम, सेंटर बॅकला शक्यतो हातच लावू नका. डिफेन्सिव्ह मिडफिल्डर घ्या, एल-टू (बटणं प्लेस्टेशनच्या कंट्रोलरची सांगतोय) धरून जॉकी करा, म्हणजे टॅकल न मारता समोर तोंड ठेवून सरकत राहा, बॉल आणि आपला गोल यांच्या मध्ये उभे राहा आणि पासचा रस्ता अडवा. समोरचा स्वतः काहीतरी घाई करेपर्यंत थांबायचं. उत्तरायणला पेच लागला की कसं आपण ढील देतो, खेंच मारायची घाई केली तर आपलाच पतंग जातो, अगदी तसंच. टॅकल मारायचा तो त्याचा टच लांब गेला की किंवा तो वळायला लागला की. आणि आर-वन सतत दाबून दुसरा प्लेअर अंगावर पाठवू नका, तो आपली जागा सोडून येतो आणि नेमका तिथूनच पास जातो.

आता स्विचिंग, म्हणजे आपण हलवतोय तो प्लेअर बदलणं, माझ्या मते निम्मा गेम इथेच आहे. एल-वन दाबलं की गेमला जो बरा वाटेल तो प्लेअर मिळतो, राइट स्टिक ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूचा मिळतो, म्हणजे निवड तुमची. सेटिंगमध्ये ऑटो स्विचिंग मॅन्युअल करा आणि कॉम्प्युटरविरुद्ध काही मॅच फक्त राइट स्टिकने स्विच करत खेळा, स्कोअरकडे बघूच नका. सुरुवातीला चिडचिड होणार, भलताच प्लेअर येणार. हळूहळू डोळे बॉलवरून सुटून धावणाऱ्या माणसाकडे जायला लागतात, आणि पास यायच्या आधीच तुम्ही समोरच्याच्या त्या माणसावर पोचलेले असता.

लॅगचं, म्हणजे बटण दाबल्यावर गेम उशिरा हलतो त्याचं, बोलायचं तर ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची, आणि टीव्ही गेम मोडवर नसला तर बरेच फ्रेम तिथेच उडतात, त्यामुळे आधी तो मोड चालू करा. रावपुरा, दांडिया बाजारकडच्या जुन्या जाड भिंतींच्या घरांत राउटर बाहेरच्या खोलीत आणि कन्सोल आतल्या खोलीत असेल तर वायफायवर भरवसा नको, सरळ लॅनची वायर ओढा. आई ओरडेल, पण ओढा. स्पीड किती एमबीपीएसचा आहे याला फारसा अर्थ नाही, पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, स्थिर पाहिजे. झोनमध्ये खेळत असाल तर आधी कंट्रोलरची स्टिक आपोआप सरकत नाही ना ते बघून घ्या.

आता मोमेंटम, स्क्रिप्टिंग वगैरे, म्हणजे कोण जिंकणार ते गेमच ठरवतो अशी तक्रार. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात ईएवर यावरून केस झाली होती, की गेम मुद्दाम अवघड करतात म्हणून, ईएने गेमच्या आतली माहिती दाखवल्यावर पुढच्या वर्षी केस करणाऱ्यांनीच ती मागे घेतली. त्यापेक्षा आपण खाल्लेल्या गोलचा रिप्ले स्किप न करता बघा, जागा कोणी सोडली ते लगेच कळतं.

पॅकवर, म्हणजे आत कुठला प्लेअर निघेल ते आधी न कळणाऱ्या गेममधल्या पाकिटांवर, पैसे घालायचे की नाही ते तुमचं तुम्ही बघा, पण मिळण्याची शक्यता टक्क्यांत दिलेली असते, ती तरी वाचा, आणि बेल्जियममध्ये तर २०१९ पासून फिफा पॉइंट, म्हणजे पॅक घ्यायचं गेममधलं चलन, विकणंच बंद केलंय.

अटॅकमध्ये एवढंच की स्प्रिंट सोडायला शिका, पळताना टच लांब जातो. स्किल मूव्ह दोनच पक्क्या करा, बॉल रोल (बॉल पायाखालून बाजूला सरकवणं) आणि ड्रॅग बॅक (बॉल मागे ओढणं), बाकीच्या नंतर. आणि लागोपाठ दोन मॅच हरलात की रँक्ड बंद करून बाहेर जाऊन सेव उसळ खाऊन या, तिसरी मॅच रागात खेळलात की सेंटर बॅक घेऊन पळत सुटणारच तुम्ही.