एमबीएवाल्यांची नवी पुस्तकं: पैसे टाकायच्या आधी काय काय बघायचं

पुण्यात अप्पा बळवंत चौकात, नाहीतर डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो तिथे, मॅनेजमेंटच्या पुस्तकांपाशी पाच मिनिटं उभं राहून बघा. एकाआड एक लेखकाच्या नावाखाली कुठल्यातरी बी-स्कूलचं, म्हणजे मॅनेजमेंट कॉलेजचं, नाव असतंच. हार्वर्ड, स्टॅनफर्ड, व्हार्टन, आपले आयआयएमवाले. आणि उचलणारे पण ठरलेले, हिंजवडीतला टीम लीड, एमबीएच्या पहिल्या वर्षाची पोरं, आणि स्वतःचा छोटा धंदा असलेली माणसं. पुढे बहुतेकांचं चाळिसाव्या पानावर गाडं अडतं आणि पुस्तक टीव्हीच्या कपाटात जाऊन बसतं. दर वेळी आळस नडतो असं नाही हो, बरेचदा पुस्तकच चुकीचं घेतलेलं असतं. तर दुकानात उभ्या उभ्या काय बघायचं आणि घरी आणल्यावर त्याचं काय करायचं ते सांगतो.

पहिलं काम म्हणजे मागच्या कव्हरवर जिथे कॉलेजचं नाव आहे त्यावर अंगठा ठेवा. खरंच ठेवा. आता उरलेला परिचय वाचा. हा माणूस काय करत होता, किती वर्षं, आणि त्यात त्याचं स्वतःचं काय पणाला लागलेलं होतं, पैसे, नोकरी, माणसं, काहीतरी? एखादी बाई वीस वर्षं सप्लाय चेनमध्ये घासून मग गोदामांबद्दल लिहिते आहे तर पुस्तक हातात ठेवा. अंगठ्याखालचं सोडून फक्त वक्ता, कोच, मार्गदर्शक, लाखोंना प्रेरणा देणारा एवढंच उरत असेल तर पुस्तक परत ठेवा आणि पुढे चला. डिग्री दोन वर्षांची असते आणि पुस्तकाला लागणारा माल त्याच्यानंतर जमतो. उलटंही आहे, ज्यांच्याकडे माल आहे ते लिहितातच असं नाही. आपल्या आकुर्डीचे राहुल बजाज हार्वर्डचे १९६४ चे एमबीए, पण त्यांच्यावरचं पुस्तक लिहिलं गीता पिरामल यांनी.

नवीन काय आलंय हे कळायला बऱ्याच बी-स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांच्या मासिकात एक पान असतं, आमच्या माजी विद्यार्थ्यांची नवी पुस्तकं असं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मासिकात पण असतं. यादी म्हणून हे पान फार कामाचं, पण ते परीक्षण नव्हे हे डोक्यात ठेवा. तिथे कौतुकाच्या दोन ओळी असतात आणि त्या वाचून पुस्तक चांगलं की वाईट ते कळत नाही. माझं म्हणाल तर अशा यादीत मॅनेजमेंट सोडून जे असतं ना, कोणी बँकेतून रिटायर होऊन आजोबांच्या दुकानावर लिहिलेलं, कोणाची कादंबरी, कोणी आजारपणावर लिहिलेलं, ते आधी बघावं. तिथे माणूस विकायला बसलेला नसतो. मॅनेजमेंटवालं पुस्तक पुष्कळदा व्हिजिटिंग कार्ड म्हणून छापलेलं असतं, पुढे त्यावर भाषणं आणि कन्सल्टिंग मिळवायची असते. त्यात गैर काही नाही, फक्त आपण साडेचारशे रुपये देऊन कोणाचं व्हिजिटिंग कार्ड विकत घ्यायचं का एवढाच प्रश्न.

प्रकाशक कोण ते पण बघा, आतल्या बाजूला, साल आणि आवृत्तीच्या पानावर. लेखकाने स्वतः पैसे घालून छापलं असेल तर लगेच नाक मुरडू नका. आयआयएम कलकत्त्याच्या अमीश त्रिपाठींना सुरुवातीला प्रकाशकांनी नकारच दिले होते आणि २०१० मधली त्यांची पहिली कादंबरी तशीच स्वतःच्या जोरावर बाजारात आली. पण धंद्याच्या पुस्तकात संपादकाचा हात फिरलेला नसेल तर तेच वाक्य तीन प्रकरणांत तीनदा येतं, तेव्हा मधलं कुठलंही प्रकरण उघडून दोन पानं वाचा. पहिलं प्रकरण सगळ्यांचंच चांगलं असतं.

आता मुख्य गोष्ट, आणि इथे जरा वेळ काढा. या पुस्तकांचा ठरलेला साचा म्हणजे पाच-दहा यशस्वी कंपन्या घ्यायच्या, त्यांच्यात काय सारखं आहे ते शोधायचं आणि त्याचे नियम करून द्यायचे. वाचताना पटतंच. अडचण अशी की तेच सगळं करून बुडालेल्या कंपन्या पुस्तकात नसतात, त्यांची मुलाखत घ्यायला कोण जाणार. जिम कॉलिन्स, स्टॅनफर्डचे १९८३ चे एमबीए, २००१ मध्ये त्यांचं चांगल्यापासून थोर झालेल्या कंपन्यांवरचं पुस्तक आलं, अजूनही आपल्याकडे ट्रेनिंगमध्ये हमखास नाव निघतं त्याचं. त्यांनी निदान जोडीला तशाच पण मागे पडलेल्या कंपन्या घेऊन तुलना केली होती, म्हणजे काम बऱ्यापैकी चोख. अकरा कंपन्या निवडल्या, अट अशी की पंधरा वर्षांत शेअरचा परतावा बाजाराच्या निदान तिप्पट हवा. त्या अकरांतली सर्किट सिटी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची साखळी, नोव्हेंबर २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी तिची दुकानं बंद झाली, आणि फॅनी मे, घरकर्जांना पैसा पुरवणारी कंपनी, त्याच २००८ च्या सप्टेंबरात अमेरिकन सरकारला ताब्यात घ्यावी लागली. आता म्हणून सगळं पुस्तक रद्दीत घाला असं नाही म्हणत मी, पण एवढी मेहनत घेतलेल्या पुस्तकाचं हे होतं तर ज्याने तीन मित्रांच्या स्टार्टअपवरून बारा नियम काढलेत त्याचं काय होणार.

म्हणून दुकानातच शेवटची सूची उघडा, कुठला शब्द कुठल्या पानावर आहे ते सांगणारी. सूचीच नसेल तर तोही एक इशारा. असेल तर त्यात तोटा, कर्ज, कामावरून काढणं, कोर्टकचेरी असलं काही सापडतं का बघा आणि तेवढीच पानं उघडून वाचा. तिथे आकडे आहेत, तारखा आहेत, कोणाचं काय चुकलं ते नावानिशी आहे? घ्या बिनधास्त. तिथे फक्त "त्या कठीण काळाने आम्हाला खूप शिकवलं" असलं वाक्य असेल तर त्या लेखकाला काही सांगायचं नाहीये.

आपल्याकडची उदाहरणं हवी असतील तर रश्मी बन्सल, त्या स्वतः आयआयएम अहमदाबादच्या, २००८ मध्ये त्यांनी तिथूनच शिकून नोकरीची वाट सोडून धंदा काढलेल्या २५ जणांवर लिहिलं. भाषा एकदम बोलण्यातली, एका बैठकीत चार-पाच प्रकरणं होतात. ते नियम शोधायला वाचू नका, माणसं भेटायला वाचा. त्या २५ जणांच्या बरोबरीने किती जण निघाले आणि वाटेत परत नोकरीला लागले हा प्रश्न मात्र आपला आपण विचारायचा.

आत्मचरित्र असेल तर वेगळी युक्ती आहे, ते कुठल्या साली थांबतं ते बघायचं. नायकीचे फिल नाइट, स्टॅनफर्डचे १९६२ चे एमबीए, वर्गातल्या एका पेपरसाठी जपानी बुटांची कल्पना मांडली आणि मग खरंच तोच धंदा केला. त्यांचं २०१६ चं आत्मचरित्र सुंदर आहे, कर्ज कसं फिरवत होते ते वाचताना आपल्यालाच घाम फुटतो. पण मुख्य गोष्ट १९८० साली कंपनी शेअर बाजारात येते तिथे थांबते, नव्वदच्या दशकात कारखान्यांतल्या कामगारांवरून जो गदारोळ झाला तो शेवटी थोडक्यात उरकलाय. लेखक कुठे थांबला यावरून त्याला काय सांगायचं नव्हतं ते कळतं. आभाराचं पान पण सोडू नका. नाइटनी तिथे जे. आर. मोहरिंगर या कसलेल्या लेखकाचे आभार मानलेत, म्हणजे पुस्तक इतकं छान का वाहतं ते तिथे समजतं. दुसऱ्याची मदत घेतली यात लाज नाही, उलट मजकूर बरा असण्याची शक्यता वाढते.

अजून एक, पैसे वाचवायचा उपाय. मोठं पुस्तक घ्यायच्या आधी त्याच लेखकाचा त्याच विषयावरचा लेख आहे का शोधा. यातली कित्येक पुस्तकं आधी दहा-पंधरा पानांचा लेख असतात आणि मग फुगवलेली असतात. लेख वाचून अजून प्रश्न पडले तरच पुस्तक. क्लेटन ख्रिस्तेनसेन, हार्वर्डचे १९७९ चे एमबीए आणि नंतर तिथलेच प्राध्यापक, त्यांनी १९९५ मध्ये जोसेफ बोवर यांच्याबरोबर हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लेख लिहिला आणि पुस्तक आलं १९९७ ला. हे मात्र फुगवलेलं नाही हां, कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कचा अख्खा धंदा वर्षानुवर्षं तपासून त्यांनी दाखवलं की चांगल्या चाललेल्या कंपन्या चांगल्या ग्राहकांचं ऐकता ऐकताच कशा मागे पडल्या. अशा पुस्तकात तक्ते टाळून पुढे जाऊ नका, सगळा जीव तक्त्यांत आहे.

बरं, घेतलं, घरी आणलं. आता ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची सक्ती नाही. कुठलंही एक प्रकरण घ्या आणि ओळखीच्या खऱ्या धंद्यावर लावून बघा, कागद-पेन घेऊन. माझी मावसबहीण कर्वेनगरला डबे देते, तिच्यावर आम्ही एक प्रकरण लावलं. पुस्तक म्हणत होतं की एक गिऱ्हाईक मिळवायला किती खर्च येतो आणि ते गिऱ्हाईक आपल्याला एकूण किती मिळवून देतं हे दोन आकडे काढा, दुसरा मोठा असला की धंदा बरोबर चाललाय. सोपे आकडे धरतो. महिन्याला इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर ६००० रुपये, नवीन गिऱ्हाइकं २०, म्हणजे एकामागे ३००. डब्याचे महिन्याला २४००, त्यात सगळा खर्च जाऊन १५ टक्के सुटले तर ३६०. पुस्तकात उदाहरण सॉफ्टवेअरचं, तिथे गिऱ्हाईक चार-चार वर्षं टिकतं. इथे पोरं हॉस्टेलची, परीक्षा झाली की गावाला, त्यामुळे आम्ही दोनच महिने धरले, म्हणजे ७२०. तीनशे घालून सातशेवीस, ताई खूश. मग मी विचारलं, "ताई, या वीस जणांतले जाहिरात बघून किती आले गं?" तर म्हणाली, "आठ असतील रे. बाकीच्यांना त्या हॉस्टेलच्या काकूंनी पाठवलं." झालं. ६००० भागिले ८, एकामागे ७५०. मिळतात ७२०. म्हणजे जाहिरातीतून येणाऱ्या प्रत्येक डब्यामागे तीस रुपये खिशातून जातायत, आणि ज्या काकू फुकटात बारा गिऱ्हाइकं देतात त्यांना दिवाळीला फराळाचा डबासुद्धा गेलेला नव्हता.

असं एक प्रकरण लावून झालं की पुस्तकाची किंमत वसूल. सूत्र पुस्तकाचंच होतं आणि ते चूकही नव्हतं, फक्त त्यात कुठला आकडा भरायचा हे लेखकाला कर्वेनगरात बसल्याशिवाय कळणार नव्हतं. नोकरीवाल्यांनी आपल्या टीमवर लावा, शेवटच्या तीन प्रोजेक्टवर. एमबीएच्या पोरांनी मेसवर, झेरॉक्सच्या दुकानावर, कशावरही लावा. इंटरव्ह्यूमध्ये पुस्तकाचं नाव घेण्यापेक्षा असला एक हिशोब सांगितलेला केव्हाही भारी पडतो, कारण पुस्तकाचं नाव समोरच्याने आज चार जणांकडून ऐकलेलं असतं.

मराठी अनुवाद घेत असाल तर अनुवादकाचं नाव कव्हरवर नाहीतर निदान आतल्या पानावर ठळक आहे का बघा, आणि एक परिच्छेद मनातल्या मनात न वाचता ओठ हलवून वाचा. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरली तर इंग्रजीच घ्या, तेच सोपं जाईल. चांगला अनुवाद असेल तर मात्र आईवडिलांना, दुकानातल्या भागीदाराला, कोणालाही देता येतो, आणि धंद्याच्या गोष्टी घरात मराठीतच बोलल्या जातात तेव्हा त्याचा उपयोग जास्त.

फुटपाथवर दीडशेला मिळतं ते घेऊ नका. छपाई फिकट किंवा वाकडी, पान हातात भुरभुरतं, कव्हरवरची अक्षरं मूळ प्रतीत उठावदार असतील तर इथे सपाट, पाठीचा डिंक दोनदा उघडलं की सुटतो, ही चोरीची प्रत. आणि त्यात तक्ते काळे ठिक्कर येतात, म्हणजे वर जे तक्ते वाचा म्हटलं त्याचाच बोऱ्या. जुनं पण अस्सल मिळत असेल तर अवश्य घ्या, एखाद्याने पेन्सिलने खुणा केलेली प्रत तर दोन रुपये जास्त देऊन घ्यावी, निदान कुठवर वाचलं गेलं ते तरी दिसतं.

नाहीतर सरळ लायब्ररी. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं, दोन्हीकडे मराठीतली पुस्तकं आणि अनुवाद विचारा. अगदी ताजं इंग्रजी पुस्तक लगेच नाही मिळायचं, त्याला ई-बुकचं फुकट सॅम्पल उतरवून घ्या, त्यात पहिलं प्रकरण आणि अनुक्रमणिका येते. पण वर म्हटलं तसं, पहिलं प्रकरण सगळ्यांचंच चांगलं असतं, त्यामुळे सॅम्पल आवडलं तरी एकदा दुकानात जाऊन मधली दोन पानं आणि सूची बघितल्याशिवाय ऑर्डर टाकू नका. दुकानदार काही म्हणत नाहीत, फक्त दुपारी एक ते चार जाऊ नका.