वायकीकीत उकुलेलेचा पहिला तास: या चुका टाळा

कॅलिफोर्नियात सॅन होजेला मुलाकडे किंवा भावाकडे गेलेली आपली माणसं हल्ली जाता जाता हवाईही उरकून येतात. विमानाने पाच-साडेपाच तास. पर्ल हार्बर झालं, ज्वालामुखी झाला, समुद्रात डुंबून झालं, की कुणीतरी म्हणतं, "ते छोट्या गिटारचं शिकवतात म्हणे तासभर, बसू या का?" होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावर आम्हीही उकुलेलेच्या वर्गात बसलो. मी लहानपणापासून पेटी वाजवते, ह्यांनी कॉलेजात गिटार बडवलेली. आपल्याला काय अवघड, असं दोघांनाही वाटलं. तासाभराने शेजारची दहा वर्षांची मुलगी तीन कॉर्ड (एकत्र छेडलेल्या सुरांचे गट) वाजवत होती आणि आम्ही दोघं "बेसूर तार तुझीच" यावर भांडत होतो.

मग हट्टाने आणखी दोन तास केले. तेव्हा कळलं, की आमच्या बहुतेक चुका आम्हाला आधीच्या वाद्याने करायला लावल्या होत्या. ज्यांना काहीच येत नव्हतं ते मजेत होते.

नावापासूनच सुरुवात करू. आपण इंग्रजीवरून 'युकुलेले' म्हणतो, तिथली माणसं 'ऊकुलेले' म्हणतात. हवाईयन भाषेत 'उकु' म्हणजे पिसू किंवा ऊ, आणि 'लेले' म्हणजे उडी मारणं. मराठी माणसाने डोक्यातली ऊ आठवावी, उच्चार चुकणार नाही. उडी मारणारी पिसू हा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो, पण राणी लिलिउओकलानीने सांगितलेला 'इथे आलेली भेट' हा अर्थ मला जास्त आवडतो. कारण वाद्य खरोखरच बाहेरून आलेलं आहे. 23 ऑगस्ट 1879 रोजी 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून मजूर घेऊन होनोलुलूला लागलं. त्यात नुनेस, डियास आणि एस्पिरितो सांतो हे तीन सुतारकाम करणारे होते. त्यांच्याकडच्या 'मशेत' या चार तारांच्या चिमुकल्या वाद्यातून उकुलेले घडलं. राजा कालाकौआने त्याला दरबारात मान दिला. वायकीकीचा मुख्य रस्ता याच राजाच्या नावाचा आहे, आणि 1881 च्या जगप्रवासात हा राजा आपल्या मुंबईलाही येऊन गेला होता. तेव्हा 'छोटी गिटार' म्हणू नका. आडवी ठेवून धातूच्या कांडीने वाजवतात ती हवाईयन गिटारही निराळी.

आणखी एक. शिकवणाऱ्यांना 'सर' म्हणू नका. हवाईत वडीलधाऱ्यांना अंकल-आंटी म्हणतात, अगदी आपल्यासारखं.

सूर लावताना होणारा घोळ

नव्वद टक्के रडारड इथली असते, असं मी माझ्या हिशेबाने म्हणते. बोटं बरोबर, कॉर्ड बरोबर, तरी कानाला खुपतंय? आधी सूर तपासा.

उकुलेले मांडीवर धरलं की वरून खाली चार तारा येतात: जी, सी, ई, ए. पेटीवाल्यांनी हे पांढरी पाच, एक, तीन, सहा असं वाचावं. पांढरी एकला सा धरला तर प, सा, ग, ध. आता खरी गोम: हे चारही सूर पेटीच्या एकाच, मधल्या सप्तकात बसतात. म्हणजे सगळ्यात वरची पंचमाची तार ही षड्जापेक्षा उंच आहे. तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची असते, गिटारची वरची तार सर्वांत खर्जातली असते. त्यामुळे तानपुरेवाले आणि गिटारवाले दोघंही हमखास ती तार खाली उतरवत नेतात. ती ढिली पडून फडफडायला लागली, की वाद्यच खराब आहे असं म्हणतात. आमच्या घरातल्या गिटारवाल्यांनी नेमकं हेच केलं. खालच्या पंचमाचं उकुलेलेही असतं, पण त्याला त्या जागी वेगळी, जाड तार लावतात.

याच्या उलट चूक अधिक महाग पडते. ट्यूनरवर, म्हणजे सूर दाखवणाऱ्या यंत्रावर, नुसतं 'सी' उमटतं, कोणत्या सप्तकातला ते बऱ्याच ट्यूनरवर कळत नाही. एखादा खुंटी पिळत पिळत वरच्या सी कडे निघतो आणि तार तुटते. पेटीवरची मधली पांढरी एक डोक्यात पक्की असेल तर हा प्रसंग येत नाही. म्हणून माझा सल्ला: आधी कानाने जवळपास आणा, मग यंत्राकडे बघा.

फोनमधला ट्यूनर दहा जणांच्या वर्गात निरुपयोगी ठरतो. त्याला शेजाऱ्याची तार ऐकू येते, वारा ऐकू येतो, लाटा ऐकू येतात. दांडीच्या टोकाला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर लाकडाची थरथर मोजतो, तो मागून घ्या. तरीही सगळ्या वर्गात तुम्ही एकटेच किंचित चढे किंवा उतरे असाल, तर ट्यूनरवरचा आकडा पाहा. तो 440 हवा (ए च्या सुराची सेकंदाला कंपनं). बारीक बटण चुकून दाबलं गेलं की तो 438 किंवा 443 होऊन बसतो.

सूर चढा झाला तर सरळ खाली आणून थांबू नका. थोडा जास्तच उतरवा आणि खालून वर येऊन थांबा, नाहीतर खुंटीतली ढील दोन मिनिटांत तार आणखी उतरवते. तारा नायलॉनसारख्या प्लास्टिकच्या असतात. नव्या असल्या तर काही दिवस ताणत राहतात, तेव्हा दर दहा मिनिटांनी सूर पाहावा लागला तर त्यात तुमचा दोष नाही.

तार खरखरते, नाहीतर बोलतच नाही

फ्रेट म्हणजे सतारीचा पडदाच. फक्त बोट पडद्यावर ठेवायचं नाही आणि दोन पडद्यांच्या बरोबर मध्येही नाही. आवाजाच्या भोकाकडच्या पडद्याला अगदी लागून, त्याच्या अलीकडे ठेवायचं. खरखर बहुधा तिथेच थांबते. नाही थांबली तर एकेक तार वेगळी छेडा. जी तार गप्प आहे तिला शेजारचं बोट टेकलेलं सापडेल. बोट उभं करा, नख कापा.

काहीच न दाबता मोकळी तार खरखरत असेल तर चूक वाद्याची आहे. लाज न बाळगता बदलून मागा. मी अर्धा तास माझ्या बोटांना शिव्या दिल्या आणि मग कळलं.

दाबण्याचा जोर हा गिटारवाल्यांचा रोग. पोलादी तारांची सवय, त्यामुळे हे प्लास्टिकच्या तारेचा गळाच दाबतात. तार वाकते, सूर चढतो, आणि सुरात लावलेलं वाद्य कॉर्डमध्ये बेसूर होतं. उपाय सोपा: बोट नुसतं टेकवा, छेडत राहा आणि जोर हळूहळू वाढवा. आवाज स्वच्छ झाला की तिथेच थांबा.

कॉर्डची आकृती वाचताना आरशातल्यासारखा गोंधळ होतो. आकृतीत डावीकडची रेघ ही छताकडची तार, उजवीकडची रेघ ही जमिनीकडची. पहिला 'सी' कॉर्ड म्हणजे जमिनीकडच्या तारेवर तिसऱ्या पडद्यात अनामिका, बस. 'ए मायनर' म्हणजे छताकडच्या तारेवर दुसऱ्या पडद्यात मधलं बोट. त्यात ई च्या तारेवर पहिल्या पडद्यात तर्जनी ठेवली की 'एफ' झाला. इथे सगळे चुकतात ते असं: ए मायनरवरून एफ ला जाताना सगळी बोटं उचलतात. मधलं बोट हलवायचंच नाही. ते जागेवर राहिलं की अर्धी धांदल संपते.

उजवा हात

गिटारवाले भोकावर वाजवतात. उकुलेले दांडी जिथे पोटाला मिळते तिथे वाजवायचं, तिथे आवाज गोड येतो. तर्जनी, सैल मनगट. खाली जाताना नख लागतं, वर येताना बोटाचं मांस. गिटारची प्लास्टिकची पट्टी खिशातच राहू द्या.

ताल मोडतो तो हात थांबवल्यामुळे. शिकवणारे "खाली, खाली-वर, वर-खाली-वर" असं सांगतात आणि आपण मधल्या रिकाम्या जागी हात गोठवतो. आपल्याकडे टाळी-खाली धरताना खालीलाही हात हलतोच ना? तसंच. हात सतत खाली-वर जात राहतो, कधी तारेला लागतो, कधी हवेतून जातो. हे मला कुणी तिथे सांगितलं नाही, भजनातल्या टाळकऱ्याची आठवण आली आणि उलगडलं.

किरकोळ पण नडणाऱ्या गोष्टी: समुद्रकाठच्या आरामखुर्चीत रेलून शिकू नका, वाद्य घसरतं आणि डावा हात दांडी पेलण्यातच दमतो. साध्या खुर्चीत बसा, उजव्या कोपराखालच्या हाताने छातीशी धरा. सनस्क्रीन लावलेले हात पुसून घ्या, नाहीतर तारा बुळबुळतात आणि लाकडावरचं पॉलिशही बिघडतं. भाड्याच्या गाडीत उन्हात वाद्य सोडलं तर डिंक सैल होऊन तारा पेलणारी घोडी उचकटू शकते.

आणि विकत घेताना? नारळ आणि सूर्यास्त रंगवलेलं घ्यायचं तर भिंतीसाठी घ्या. वाजवायला घेणार असाल तर मोकळी तार छेडा, मग तीच बाराव्या पडद्यात दाबून छेडा. तोच सूर वरच्या सप्तकात आला पाहिजे. चारही तारा अशा तपासा. हवाईतल्या कोआ झाडाच्या लाकडाचं देखणं असतं आणि तसंच महाग. जाड बोटांना छोट्या सोप्रानोपेक्षा जरा मोठा कॉन्सर्ट आकार बरा. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात अखंड लाकडाला तडा जायची भीती असते, थर चिकटवून केलेल्या लाकडाचं त्या मानाने निभावतं.

शेवटच्या रात्री खोलीच्या गॅलरीत बसले होते. कॉर्ड बाजूला ठेवले. मोकळ्या तारांवर सा, ग, प, ध होतेच. सा च्या तारेवर दुसऱ्या पडद्यात रे सापडला, ध च्या तारेवर तिसऱ्यात वरचा सा. आख्खा भूप राग! गिटारवाले आतून म्हणाले, "हे शिकवलं होतं?" मी म्हटलं, "नाही. आणि ती वरची तार पुन्हा खाली उतरवू नका."