घरात फोटोंची भिंत करायचीय? मग ड्रिल सगळ्यात शेवटी काढा

आम्ही पहिल्यांदा फोटोंची भिंत केली तेव्हा उत्साहाच्या भरात आधी फ्रेम्स आणल्या, मग ड्रिल काढलं आणि मग फोटो शोधत बसलो, म्हणजे सगळाच उलटा कारभार. ९ फ्रेम्ससाठी १४ भोकं पडली, त्यातली ५ आजही कुठल्या ना कुठल्या फ्रेममागे लपलीयेत. म्हणून यावेळी काय केलं ते सविस्तर लिहितेय.

सुरुवात फोटोंपासूनच करायची. मोबाइलवर एक शेअर्ड अल्बम बनवा, घरातल्या सगळ्यांना त्यात आवडते फोटो टाकायला सांगा आणि आठवडाभर तिकडे बघूच नका. मग बसून त्यातले १०-१२ निवडा. खरी भांडणं इथेच होतात. माझा नियम एवढाच की सगळे रांगेत उभे राहून कॅमेऱ्याकडे बघून हसतायत असे फोटो जास्तीत जास्त दोन, बाकी सगळ्या फोटोंत कुणीतरी काहीतरी करत असलं पाहिजे. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण ज्या फोटोपाशी थांबतो त्यात आजोबा खुर्चीवर चढून बल्ब बदलतायत आणि आजी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून भलतीकडेच बघतेय. फोटो थोडा हललाय, मी तो काढूनच टाकणार होते! आणि हो, निवड झाली की एकदा डोकी मोजा. घरात जो कायम फोटो काढत असतो तो नेमका एकाही फोटोत नसतो, आणि हे सगळं टांगून झाल्यावर लक्षात येतं.

आता प्रिंट. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेला फोटो तसाच प्रिंटला देऊ नका, पाठवताना त्याची साइझ कमी होते. ज्याने काढलाय त्याच्याकडून ओरिजिनल फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. चांगल्या प्रिंटसाठी ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) धरतात, म्हणजे ४×६ इंचाला साधारण १२००×१८०० पिक्सेल आणि ८×१० ला २४००×३०००. अजून एक गंमत, मोबाइलचा फोटो बहुतेक वेळा ४:३ आकाराचा असतो आणि ४×६ चा कागद ३:२ चा, त्यामुळे आडवा फोटो असेल तर वरखालून थोडा कापला जातो आणि मागच्या रांगेतल्या उंच माणसाचं डोकं जातं. ८×१० मध्ये उलट, आडव्या फोटोच्या बाजू जातात आणि कडेला उभा असलेला काका अर्धाच उरतो. म्हणून क्रॉप स्वतः करून द्या, स्टुडिओवर सोडू नका.

जुने फोटो असतील तर ओरिजिनल भिंतीवर लावूच नका, उजेडाने ते फिके पडतात. स्कॅन करा, छोटा फोटो मोठा करायचा असेल तर ६०० डीपीआयवर, आणि भिंतीवर कॉपी लावा. जुन्या फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, त्यावरचा चेहराच काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करून घ्या. नव्या फ्रेममध्ये फोटोभोवती पुठ्ठ्याचा माउंट असला की फोटो आणि काचेमध्ये जरा अंतर राहतं, शिवाय साधा फोटोही एकदम भारी दिसतो.

जुने पिवळट आणि नवे झगझगीत फोटो शेजारी-शेजारी आले की भिंत गोंधळल्यासारखी वाटते. काही लोक सगळेच ब्लॅक अँड व्हाइट करतात, मला ते जरा उदास वाटतं. त्यापेक्षा फ्रेम्स आणि माउंट एकाच रंगाचे ठेवा, साइझ हव्या तेवढ्या वेगळ्या चालतील. पलंगाच्या वर किंवा लहान मुलांचा हात पोचेल तिथे काचेऐवजी ॲक्रिलिकवाल्या फ्रेम्स घ्या, हलक्या असतात आणि पडल्या तरी काचेसारखा चुरा होत नाही.

मांडणीसाठी सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे रद्दी. प्रत्येक फ्रेमच्या मापाचा पेपर कापा, त्यावर फोटोचं नाव लिहा, मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. घर तेवढे दिवस विचित्र दिसतं पण येता-जाता चुका दिसत राहतात. सगळ्यात मोठी फ्रेम मधोमध न लावता जरा बाजूला घ्या आणि बाकीच्या तिच्याभोवती मांडत जा. दोन फ्रेम्समध्ये २ ते ३ इंच अंतर, यापेक्षा जास्त झालं की त्या एकमेकींशी भांडल्यासारख्या दिसतात. उंची बहुतेक सगळेच चुकवतात, फार वर लावतात. म्युझियममध्ये चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर धरतात, तुम्ही सगळ्या फ्रेम्स मिळून एक मोठं चित्र समजा आणि त्याचा मध्य तिथे आणा. खाली सोफा असेल तर सोफ्याच्या पाठीपासून ६-८ इंच वर सुरुवात आणि एकूण रुंदी सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश. जिन्यात लावत असाल तर प्रत्येक पायरीपासून तेवढीच उंची मोजत वर जायचं, बस्स.

आता भोक नेमकं कुठे पाडायचं? फ्रेमला मागे दोन हुक असतील तर मास्किंग टेपची एक पट्टी दोन्ही हुकांवर आडवी लावा, हुक आहे तिथे पेनाने ठिपके द्या, पट्टी काढून भिंतीवर लेव्हलमध्ये चिकटवा आणि ठिपक्यावरच ड्रिल करा. मागे दोरी किंवा तार असेल तर ती मधून वर ताणून, तिथपासून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. मी सैल दोरी मोजली होती, ती १४ भोकं त्याचंच फळ.

विटांच्या भिंतीला ड्रिल, प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू. काँक्रीटचा पिलर असेल तर हॅमर ड्रिलच लागतं. जिप्सम बोर्डवर साधा खिळा वजन धरत नाही, त्याचे वेगळे अँकर मिळतात. स्विच किंवा प्लगच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायर बहुतेक तिथूनच गेलेली असते, आणि भिंतीच्या पलीकडे बाथरूम असेल तर पाइपचाही विचार करा. चिकटपट्ट्या हलक्या फ्रेम्सना ठीक आहेत पण भिंत गुळगुळीत आणि कोरडी हवी, हाताला पांढरं लागतं अशा रंगावर लावल्या तर रंगासकट खाली येतात. भोकाच्या खाली एक पाकीट उघडं करून चिकटवा, सगळा भुगा त्यात पडतो.

फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून रबराचे छोटे ठिपके लावा म्हणजे दार आपटलं की फ्रेम वाकडी होणार नाही. ओल असलेली किंवा थेट ऊन येणारी भिंत मात्र सोडूनच द्या.

टांगण्याआधी एका कागदावर पेन्सिलीने फोटोतल्यांची नावं आणि साल लिहून फ्रेमच्या पाठीला चिकटवा, फोटोच्याच मागे पेनाने नको, दाब पुढे उमटतो. आमच्या एका फोटोत आजीच्या शेजारी एक बाई मनापासून हसतायत, आणि त्या कोण हे आता घरात कुणालाच सांगता येत नाही.