एलईडी दिवे वारंवार का जातात? घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

एलईडी दिवा वर्षभरात गेला की दुकानदाराला बोल लावला जातो, नवा दिवा त्याच होल्डरमध्ये बसवला जातो आणि काही महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा सुरू होते. बाजारात निकृष्ट माल आहे हे खरेच. पण एकाच ठिकाणचे दिवे वरचेवर जात असतील, तर संशय आधी होल्डर, शेड आणि वायरिंगवर घ्यावा. याची परीक्षा सोपी आहे. त्रास देणारा दिवा दुसऱ्या खोलीत लावावा आणि तिथला चांगला दिवा इथे आणून पाहावा. तक्रार दिव्याबरोबर गेली तर दोष दिव्याचा. ती जागेवरच राहिली, तर नव्या दिव्यावर केलेला खर्च वायाच जाणार.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे एलईडी दिवा तापत नाही. जुन्या पिवळ्या बल्बची बरीचशी उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर पडत असे आणि आतली तार त्यासाठीच बनवलेली असे. एलईडी दिव्याची उष्णता मात्र बुडाकडच्या भागात साचते आणि नेमके तिथेच ड्रायव्हरचे, म्हणजे घरातली वीज एलईडीला चालेल अशी करून देणारे, सर्किट असते. त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारा भाग, सर्वांत नाजूक. त्याचे तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की आयुष्य साधारण निम्म्यावर येते. त्यामुळे बाथरूममधल्या घट्ट बंद काचेच्या गोळ्यात किंवा फॉल्स सीलिंगच्या कोंदट खोबणीत १२ वॅटचा दिवा कोंबणे म्हणजे त्याचे आयुष्य आपणच कमी करणे होय. अशा जागी कमी वॅटचा दिवा लावावा किंवा बंद जागेसाठीच बनवलेले फिटिंग घ्यावे. जुन्या शेडवर ‘कमाल ६० वॅट’ असे छापलेले असते, ते जुन्या बल्बच्या हिशेबाने. त्यावर विसंबून मोठा एलईडी लावू नये. तसेही ६० वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड ८-९ वॅटच्या एलईडीतून मिळतो. खरेदी करताना वॅटपेक्षा खोक्यावरचा ल्युमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा, आकडा पाहावा.

दिवा लुकलुकत असेल, तर एमसीबी (वीज तोडणारा मुख्य फळीवरचा स्विच) बंद करून आणि दिवा थंड झाल्यावर तो काढून बुडाकडचे दोन गोल ठिपके पाहावेत. एखादा ठिपका काळवंडलेला किंवा खड्डा पडल्यासारखा दिसला, तर होल्डरमधल्या पिनेची स्प्रिंग सैल झाली असून तिथे ठिणगी पडते आहे, असे समजावे. अशा पिना घासून पुन्हा वापरण्यापेक्षा होल्डरच बदलावा. त्याची किंमत बहुतेक वेळा दिव्यापेक्षा कमीच असते.

बटण बंद केल्यावरही दिवा मंद मिणमिणतो, ही तक्रार हल्ली फार ऐकू येते. बटणात लाल इंडिकेटर असेल, तर त्यातून जाणारा अत्यल्प प्रवाहही एलईडीला पुरतो; तो त्रासदायक असला तरी सहसा धोक्याचा नसतो. पण वायरमनने बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) जोडले असेल, तरीही असेच घडते, आणि हा प्रकार मात्र गंभीर आहे. बटण बंद असूनही होल्डरच्या एका पिनेवर फेज जिवंत राहतो आणि दिवा बदलताना शॉक बसू शकतो. बटण बंद ठेवून होल्डरमध्ये टेस्टर ठळक पेटला, तर जोडणी उलटी आहे असे मानून जाणकार वायरमनकडून ती दुरुस्त करून घ्यावी. तोवर दिवा बदलताना एमसीबी पाडावी.

छतातले पॅनेल लाइट बंद पडले की अख्खे फिटिंग टाकून दिले जाते. वास्तविक अनेकदा मागचा छोटा ड्रायव्हर तेवढा गेलेला असतो. नवा घेताना फक्त वॅट जुळवून चालत नाही, जुन्यावर छापलेले मिलिअँपिअर आणि व्होल्टेजची मर्यादाही जुळायला हवी. आणि वीज चालू असताना ड्रायव्हर पॅनेलला जोडू नये, कारण त्या झटक्याने चांगल्या एलईडीही जळू शकतात.

साधा एलईडी दिवा डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणावर, लावू नये. खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेले असेल तरच तो तिथे चालतो. जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवताना चोक आणि स्टार्टर ठेवायचे की काढायचे, हे प्रत्येक ट्यूबच्या रचनेवर ठरते, म्हणून सोबतची आकृती पाहिल्याशिवाय हात घालू नये.

याहून वेगळी आणि तातडीची स्थिती म्हणजे घरातले काही दिवे एकाएकी प्रखर आणि काही मंद होणे. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल तुटल्याची ही खूण असू शकते. २३० व्होल्टच्या जागी बराच जास्त दाब आला, तर दिव्यांबरोबर टीव्ही आणि फ्रिजही जातात. अशा वेळी मेन स्विच लगेच बंद करून वीज कंपनीला कळवावे.

इतके करूनही दिवा मुदतीआधी गेलाच, तर वॉरंटी उपयोगी पडते. थर्मल कागदावरच्या बिलाची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून खरेदीच्या दिवशीच बिलाचा फोटो काढावा आणि दिव्याच्या बुडाशी छापलेल्या महिना-वर्षाच्या चौकटींवर दुकानदाराकडून खूण करून घ्यावी.