भुसावळच्या फलाटावर जर्मनचा तास

आठवी-नववीच्या जर्मन वर्गाची पहिली सहल फार दूर नेण्याची गरज नाही; भुसावळ जंक्शन पुरेसे आहे. आगाऊ परवानगी आणि फलाट तिकिटे घेऊन मुलांचे चार-चारचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला 'आनकुन्फ्ट' म्हणजे आगमन आणि 'आबफार्ट' म्हणजे प्रस्थान असे रकाने आखलेला कागद द्यावा. उद्घोषणा ऐकून मुलांनी वेळ जर्मनमध्ये मोठ्याने सांगावी. येथे मराठी मुलांची एक सोय आहे: २५ हा आकडा जर्मन माणूस 'पाच आणि वीस' असा उच्चारतो, आणि आपल्या 'पंचवीस'मध्येही पाचच आधी येतो. इंग्रजीच्या सवयीने मुले उलट क्रम लावू लागली की हे दाखवून द्यावे.

नामांची लिंगे शिकवण्यासाठी हिवाळ्यातली भरीत पार्टी उत्तम, आणि या तासाला कोणी गैरहजर राहत नाही. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात असताना प्रत्येक जिन्नसाशेजारी नावाची चिठ्ठी ठेवावी. जर्मनमध्येही तीन लिंगे आहेत, मात्र ती जुळतीलच असे नाही. 'ते पाणी' तिकडेही नपुंसकलिंगी 'दास वासर' राहते, पण 'तो कांदा' स्त्रीलिंगी 'डी त्स्वीबेल' होतो.

११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवसानिमित्त, जर्मनीतली मुले कंदील घेऊन गात मिरवतात. दिवाळीतले छोटे कंदील जपून ठेवल्यास शाळेच्या मैदानावर तशीच फेरी काढता येते; गाणे मात्र आठवडाभर आधी पाठ करून घ्यावे.