एका क्रमांकाखाली यंत्र आणि त्याची विद्या: कारखान्यातील मालमत्ता व ज्ञान कसे सांभाळावे

चतुर्थीची सुट्टी संपून कारखाना पुन्हा सुरू होतो, तो दिवस देखभाल विभागाची खरी परीक्षा घेतो. गोव्यात वेर्णा असो, कुंडई असो वा मडकई, कोणत्याही औद्योगिक वसाहतीत त्या सकाळचे चित्र साधारण सारखेच असते. काही दिवस बंद राहिलेले कॉम्प्रेसर आणि चिलर एकेक करून सुरू होतात, एखाद्या पॅनेलमध्ये ओल शिरलेली असते, एखादी मोटर इन्सुलेशनच्या चाचणीत नापास होते, आणि ज्याला त्या यंत्राची नस ठाऊक आहे तो फिटर अजून काणकोणला आपल्या गावी असतो, कारण त्याच्या घरचा गणपती सात दिवसांचा आहे. यंत्र कंपनीच्या मालकीचे असले तरी ते चालते ठेवण्याची विद्या तिच्या मालकीची नाही, हे त्या वेळी व्यवस्थापनाच्या ध्यानात येते; फिटर कामावर परतला की ते विसरलेही जाते.

यावर उपाय म्हणून बहुतेक ठिकाणी दोन स्वतंत्र कामे काढली जातात. मालमत्तेची नोंद लेखा विभागाकडे जाते आणि 'ज्ञान व्यवस्थापन' गुणवत्ता विभागाच्या फाइलीत जाते, कारण आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ या कलमाखाली संस्थेकडील ज्ञान सांभाळण्याची अपेक्षा स्पष्टपणे मांडली आहे आणि ऑडिटच्या दिवशी काहीतरी दाखवावे लागते. माझ्या मते चूक या वाटणीतच आहे. यंत्राची माहिती यंत्राच्या क्रमांकाला बांधलेली नसेल, तर ती हवी त्या वेळी हाती लागत नाही. पुढील सर्व पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

पहिले काम याद्या ताडून पाहण्याचे

मध्यम आकाराच्या कारखान्यात यंत्रांच्या किमान तीन याद्या असतात: लेखा विभागाची, देखभाल विभागाची आणि मोजमापाच्या उपकरणांची कॅलिब्रेशन (अचूकतेच्या तपासणीची) यादी. या तिन्ही सहसा जुळत नाहीत. लेखा विभागाच्या नोंदवहीत एका बिलातील चार यंत्रे एकाच ओळीत 'मशिनरी' म्हणून बसलेली असतात, तर भंगारात गेलेला एखादा प्रेस तेथे अजून जिवंत असतो. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत सर्वसाधारण यंत्रसामग्रीचे उपयुक्त आयुष्य १५ वर्षे धरले आहे. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या यंत्राची पुस्तकी किंमत नाममात्र उरते, जरी निम्मे उत्पादन त्याच्यावर अवलंबून असले तरीही. ज्याची किंमत पुस्तकात नाही त्याच्या सुट्या भागांसाठी पैसे मागायला गेल्यावर कपाळाला आठ्या का पडतात, याचे उत्तर बहुधा येथे सापडते.

म्हणून लेखापाल, देखभाल अभियंता आणि स्टोअरकीपर या तिघांनी एकत्र शेडमध्ये फिरावे. एका दिवशी एकच शेड घ्यावी, प्रत्येक यंत्राच्या नेमप्लेटचे छायाचित्र काढावे आणि यंत्र लेखा नोंदवहीतील कोणत्या ओळीत आहे ते तेथेच लिहावे. हे काम उगाच केलेले ठरत नाही. कॅरो २०२० हा लेखापरीक्षकांच्या अहवालाविषयीचा आदेश ज्या कंपन्यांना लागू आहे, त्यांच्या लेखापरीक्षकांना मालमत्तेच्या संख्येचा व ठिकाणाचा तपशील नीट ठेवला आहे का आणि प्रत्यक्ष पडताळणी होते का, यावर अभिप्राय द्यावाच लागतो.

कारखान्याबाहेरची मालमत्ता या फेरीत हमखास सुटते. मोल्ड आणि डाय (साचे व ठसे), जिग आणि फिक्स्चर (काम करताना भाग नेमक्या जागी धरणारी साधने) जॉबवर्कसाठी, म्हणजे काम बाहेरून करून घेण्यासाठी, दुसऱ्याच्या शेडमध्ये गेलेले असतात. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि भांडवली वस्तू तीन वर्षांत परत आणाव्या लागतात, परंतु मोल्ड, डाय, जिग, फिक्स्चर व टूल यांना ही मुदत लागू नाही. सवलत चांगली आहे. मात्र मुदत नाही म्हणून कोणी विचारत नाही, आणि विचारत नाही म्हणून लाखो रुपयांचा मोल्ड कोठे आहे हे एका जुन्या चलनावरून शोधावे लागते. अशा प्रत्येक वस्तूवर क्रमांक कोरावा आणि वर्षातून एकदा ती जेथे असेल तेथे जाऊन डोळ्यांनी पाहावी.

क्रमांक जागेचा आणि क्रमांक वस्तूचा

क्रमांक देताना एक बारकावा सांभाळला नाही, तर सगळी नोंद वर्षभरात बिघडते. समजा, थंड पाण्याच्या पंपाची मोटर जळाली आणि तिच्या जागी स्टोअरमधील दुसरी बसवली. जळालेली मोटर रिवाइंडिंग होऊन, म्हणजे आतील तारा पुन्हा गुंडाळून, आली आणि सहा महिन्यांनी तिसऱ्याच पंपावर चढली. आता तिचा इतिहास कोठे लिहायचा? पंपाच्या नावाने लिहिला तर ती मोटर दोनदा रिवाइंड झाली आहे हे कोणालाच कळणार नाही, आणि मोटरच्या नावाने लिहिला तर या एकाच पंपावर दरवर्षी मोटर का जळते हा प्रश्न कोणाला पडणार नाही. म्हणून जागेला एक क्रमांक आणि वस्तूला दुसरा क्रमांक असावा. जागेचा क्रमांक पायाजवळ रंगवलेला, कधीही न बदलणारा. वस्तूचा क्रमांक धातूच्या पट्टीवर ठोकलेला, वस्तूबरोबर फिरणारा. बिघाडाच्या नोंदीत दोन्ही लिहावेत. क्रमांकात विभाग, वर्ष, किंमत, पुरवठादार असे सगळे कोंबण्याचा मोह टाळावा. विभाग बदलतात आणि मग क्रमांक खोटे बोलू लागतात. क्यूआर कोडचे कागदी स्टिकर आपल्या दमट, खाऱ्या हवेत आणि कूलंटच्या तुषारांत फार टिकत नाहीत, हे मी स्वतः पैसे घालवून शिकलो आहे.

यानंतर सर्व यंत्रांसाठी माहिती लिहायला बसू नये. जे बंद पडल्यास संपूर्ण लाइन थांबते, ज्यापासून माणसाला धोका आहे आणि ज्याचा सुटा भाग यायला आठवडे लागतात, अशी दहा-बारा यंत्रे निवडावीत. बाकीची नंतर पाहता येतात.

जाणकाराकडून माहिती कशी घ्यावी

निवृत्तीला आलेल्या फिटरच्या हाती कोरी वही देऊन 'तुम्हाला जे येते ते लिहून ठेवा' असे सांगणे, हा या कामातील सर्वांत मोठा फसवा मार्ग आहे. त्याला काय येते हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही, कारण ते त्याच्या हातात आणि कानात असते. घरची माटोळी (गणपतीवर टांगलेली रानफळा-पानांची आरास) बांधताना कोणते रानफळ कोणत्या डोंगरावर कधी मिळते, हे गोव्यात कोणी यादी करून शिकवत नाही. पोराला दरवर्षी बरोबर नेले जाते आणि वाटेत ते कळत जाते. कारखान्यातही हाच मार्ग धरावा. तरुण अभियंत्याने किंवा आयटीआयच्या शिकाऊ उमेदवाराने दुरुस्तीच्या वेळी शेजारी उभे राहावे, परवानगी घेऊन मोबाइलवर चित्रण करावे आणि काम संपल्यावर त्याच बिघाडाविषयी नेमके प्रश्न विचारावेत: पहिल्यांदा काय ऐकलेत किंवा काय हाताला लागले, कोणत्या शक्यता लगेच सोडून दिल्या आणि का, नवखा माणूस येथे कोणती चूक करील, कोणते वाचन कितीच्या वर गेले तर तुम्ही यंत्र थांबवता. दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा असतो, कारण मॅन्युअलमध्ये शक्यतांची यादी असली तरी या यंत्रावर त्यांतली कोणती जवळजवळ कधीच खरी नसते, हे त्यात नसते.

लिहिण्याचे काम तरुणाने करावे आणि जाणकाराने ते ऐकून दुरुस्त करावे. पत्रक एका पानाचे असावे: नेहमीचा दाब, तापमान व करंट, बंद ठेवून पुन्हा सुरू करण्याचा क्रम, तीन-चार नेहमीचे बिघाड, आणि काय करू नये. शेवटच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. भाषेचा प्रश्न आपल्याकडे साधा नाही. एकाच शिफ्टमध्ये कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी आणि ओडिया बोलणारे लोक असतात. बटणावर जो शब्द छापला आहे तोच वापरावा, वाक्ये देवनागरीत छोटी ठेवावीत आणि योग्य स्थिती व अयोग्य स्थिती अशी दोन छायाचित्रे शेजारी लावावीत. पत्रकाखाली सांगणाऱ्याचे नाव अवश्य घालावे. माहिती दिली तर आपली गरज संपेल, ही भीती अनेकांच्या मनात असते आणि ती निराधार आहे असे म्हणणे प्रामाणिकपणाचे नाही. म्हणून शिकवण्याचे काम पगारवाढीच्या मूल्यमापनात मोजले जाईल, हे व्यवस्थापनाने आधीच लेखी सांगावे.

रोजची बिघाड नोंदही याच मापाने पाहावी. 'मशीन बंद होते, चालू केले' या नोंदीचा कोणालाही उपयोग नाही. लक्षण, कारण आणि केलेला उपाय हे तीन रकाने वेगळे असावेत, बिघाडाचे कारण समजले नसेल तर 'समजले नाही' असे लिहिण्याची मुभा असावी, आणि सकाळच्या बैठकीत त्या नोंदी मोठ्याने वाचल्या जाव्यात. कोणी वाचत नाही हे कळले की लोक लिहिणे सोडतात.

स्टोअर आणि पॅनेल

स्टोअरमध्ये एकच बेअरिंग तीन नावांनी पडून असते: कोठे '६२०५', कोठे 'बॉल बेअरिंग २५ एमएम', कोठे यंत्राच्या नावाने. ६२०५ चा आतील व्यास २५, बाहेरील ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर असते, म्हणून नावे वेगळी असली तरी वस्तू एकच आहे. मात्र पत्र्याचे शील्ड आणि रबरी सील यांतला फरक नोंदीत असलाच पाहिजे. आधी वस्तू, मग प्रकार, मग माप, असा नावाचा क्रम एकदाच ठरवावा आणि कोणत्या यंत्राच्या कोणत्या जागेला ती लागते ते तिथेच लिहावे. राखीव भागही आपल्या हवेत आजारी पडतात. बेअरिंगचे वेष्टन गरजेआधी फोडू नये, ठेवलेल्या मोटरचा शाफ्ट महिन्यातून एकदा हाताने फिरवावा आणि बसवण्यापूर्वी मेगर या मापकाने इन्सुलेशन तपासावे.

पीएलसीमधील (यंत्र आपोआप चालवणाऱ्या नियंत्रकातील) प्रोग्राम हीदेखील मालमत्ता आहे, आणि ती कोणत्याच यादीत नसते. अनेक जुन्या पीएलसींमध्ये प्रोग्राम लहान बॅटरीच्या आधारावर टिकतो; बॅटरी संपलेली असताना वीज गेली की प्रोग्रामही जातो. एका कारखान्यात मला असे आढळले की, बॅकअपची एकमेव प्रत नोकरी सोडून गेलेल्या अभियंत्याच्या लॅपटॉपवर होती आणि पासवर्ड यंत्र पुरवणाऱ्याकडे. बॅटरी बदलल्याची तारीख पॅनेलच्या दारावर आतून लिहावी, बॅटरी पीएलसीच्या मॅन्युअलप्रमाणेच बदलावी, प्रोग्राम आणि ड्राइव्हची (मोटरचा वेग ठरवणाऱ्या उपकरणाची) पॅरामीटर यादी दोन ठिकाणी ठेवावी, आणि नवे यंत्र घेताना प्रोग्राम व पासवर्ड मिळेपर्यंत शेवटचा हप्ता द्यायचा नाही, असे खरेदी करारातच घालावे.

सॉफ्टवेअरचा विचार यानंतर करावा. दहा यंत्रांची माहिती एक्सेलमध्ये नीट ठेवता येत नसेल, तर महागड्या प्रणालीतही ती राहणार नाही. आयएसओ ५५००१ हे मालमत्ता व्यवस्थापनाचे मानक २०१४ साली आले आणि २०२४ मध्ये सुधारले गेले. प्रमाणपत्र घ्यायचे नसले तरी मालमत्तेकडे तिच्यातून मिळणाऱ्या मूल्याच्या दृष्टीने पाहण्याची त्यातील बैठक वाचण्यासारखी आहे.

कामाचा क्रम आपल्या ऋतूंना धरून लावावा. जानेवारीत शेडमधील फेरी आणि क्रमांक, मार्चपर्यंत दहा यंत्रांची पत्रके, मे महिन्यात पॅनेलची सील, हीटर व बॅटऱ्यांची तपासणी. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात, जाणकार फिटर दारात उभा असताना पण एकही शब्द न बोलता, दुसऱ्या शिफ्टच्या माणसाने केवळ पत्रक हाती घेऊन यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. धोका दिसला तरच फिटरने त्याला थांबवावे. जेथे तो अडला त्या ओळीखाली लाल पेन्सिलने रेघ मारावी, त्याच संध्याकाळी ती ओळ नव्याने लिहावी, नवी प्रत तारखेसह यंत्रावर लावावी आणि जुनी फाडून टाकावी.